काटेरी तारेआड एक व्हिएन्नाचा कवी

जर्मन कादंबरीकार आणि हिंदुस्थान हे दोन शब्द एकत्र उच्चारले, की वाचनाची आवड असलेला आपला माणूस चटकन् म्हणतो, "हेरमान हेसे!" त्यात त्याचे काही चुकत नाही. १९२२ साली निघालेली 'सिद्धार्थ' ही हेसेची लहानशी कादंबरी जगभर गेली. हेसेची आई केरळात तलशेरीला जन्मलेली, आणि आजोबा गुंडर्ट हे मल्याळम भाषेचे कोशकार. घरात हिंदुस्थानच्या गोष्टी, हिंदुस्थानच्या वस्तू. एवढे असून गंमत अशी, की हेसेचे पाऊल या देशाच्या भूमीवर पडलेच नाही. १९११ साली तो बोटीने निघाला, सिलोन पाहिले, सिंगापूर आणि सुमात्रा पाहिले, आणि परत फिरला. त्याचा हिंदुस्थान पुस्तकांतला आणि मनातला.

आज मी तुम्हांला ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे त्याचे अगदी उलट झाले. हेसेहून पंधरा वर्षांनी लहान असलेला हा कवी आणि कादंबरीकार इथे आला, सुमारे आठ वर्षे राहिला, आणि त्यांतली बरीच वर्षे त्याने सरकारचा कैदी म्हणून काटेरी तारेआड काढली. त्याचे नाव वाल्टर आयडलिट्झ. नाव ऐकल्याचे आठवत नाही ना? साहजिक आहे. जर्मन वाङ्मयाच्या मोठमोठ्या इतिहासांतही त्याला फार तर दोनचार ओळी मिळतात. मग तो आपल्याला कशाला हवा? तर ज्या छावण्यांच्या साखळीत हा माणूस अडकला, तिची पहिली कडी आपल्या नगरची होती, म्हणून. आणि दुसरेही एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी नगरबद्दल थोडे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले हे चांगलेच झाले. पण जुन्या गोष्टी सांगू लागलो की तोंडी 'नगर'च येते, तेवढे चालवून घ्या. या गावाला इतिहासाने एक विचित्र काम लावून दिले आहे, ते म्हणजे लोकांना कोंडून ठेवण्याचे. ज्या किल्ल्यासाठी चांदबिबी लढली तो १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने घेतला, इंग्रजांची पलटण इथे कायमची बसली, आणि मग दूरदूरचे कैदी इथे येऊ लागले. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर शेतकरी १९०१ च्या सुमारास इथे आणले गेले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानातले जर्मन इथे आले. व्यापारी होते, बोटीवरचे खलाशी होते, आणि बायबल घेऊन खेडोपाडी हिंडणारे मिशनरीसुद्धा होते. हेसेचे आजोबा ज्या बासेल मिशनचे, त्याच मिशनचे काही लोक त्यांत होते. १९१७ साली रेड क्रॉसचे स्विस पाहुणे हिंदुस्थानातल्या कैद्यांच्या छावण्या पाहून गेले, त्यांत नगरची छावणी होती. शाळेच्या पुस्तकात यातले काही नाही. आपल्याला ठाऊक असतो तो १९४२ चा प्रसंग, की 'चले जाव' ठरावानंतर नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे बारा पुढारी किल्ल्यात आणले गेले, आणि तिथे नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'भारताचा शोध' लिहून काढला. ती खोली आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. दाखवावीच. पण नेहरू येण्याच्या तीन वर्षे आधी, १९३९ च्या सप्टेंबरात, याच गावच्या लष्करी छावणीत आणखी एक जमात आणून ठेवली गेली होती. आपली गोष्ट तिथे येऊन पोचते.

तत्पूर्वी व्हिएन्ना. आयडलिट्झ १८९२ साली त्या शहरात जन्मला. ते शहर तेव्हा मोठ्या साम्राज्याची राजधानी होते. संगीत, नाटक आणि वैद्यक यांत सगळ्या युरोपने त्याच्याकडे पाहावे अशी त्याची ऐट. कॉफीच्या दुकानात लेखक तासन् तास बसत, वर्तमानपत्रे वाचत, वाद घालत, तिथल्याच टेबलावर कविता लिहीत. स्टेफान झ्वाइग, हॉफमनस्थाल, श्नित्सलर ही त्या पिढीची मोठी नावे. त्यांतले कितीतरी लेखक ज्यू वंशाचे होते. आयडलिट्झही ज्यू वंशाचाच. पण त्या काळच्या व्हिएन्नातल्या अशा तरुणाला विचारले असते, "तू कोण?" तर त्याने आधी सांगितले असते, "मी जर्मन भाषेचा लेखक." भाषा हेच त्यांचे घर होते. हे वाक्य लक्षात असू द्या, कारण पुढे हेच घर त्यांच्या अंगावर कोसळले.

पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१७ साली, आयडलिट्झचे एक पुस्तक बर्लिनला छापले गेले. त्याचा विषय होता कवी होल्डरलिन, आणि रूप होते त्या कवीच्या नशिबातल्या काही नाट्यप्रवेशांचे. होल्डरलिन हा जर्मनांचा थोर कवी. ऐन उमेदीत त्याचे मन बिघडले, आणि ट्यूबिंगन गावी नेकार नदीच्या काठी एका सुताराच्या घरातल्या बुरुजासारख्या खोलीत त्याने आयुष्याची उरलेली छत्तीस वर्षे काढली. ज्या तरुणाला सुरुवातीलाच असा विषय सुचतो, त्याच्या मनाची ठेवण काय असेल ते तुम्हीच ताडा. बाहेर तोफा चालल्या आहेत, आणि हा चार भिंतींत मिटून गेलेल्या कवीचा विचार करतो आहे!

पुढली वीस वर्षे त्याने भरपूर लिहिले. कविता, नाटके, कथा, कादंबऱ्या. १९२६ साली कथांचा संग्रह आला. १९३० साली 'झोडियाक', म्हणजे 'राशिचक्र', ही कादंबरी आली. ती व्हिएन्नाच्या झॉलनाय या प्रकाशनाने काढली. फ्रान्झ वेर्फेलसारख्या लोकप्रिय कादंबरीकाराची पुस्तके काढणारे ते घर, म्हणजे आयडलिट्झ काही कोपऱ्यातला हौशी लेखक नव्हता. १९३५ साली त्याने चार दिशांच्या वाऱ्यांमागे केलेल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले, पण त्या प्रवासात त्याला हवी होती ती प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. जगातल्या जुन्या संस्कृतींचा मूळ झरा कुठे आहे याचा तो शोध घेत होता. माझे मत विचाराल तर कादंबरीकार म्हणून तो पहिल्या रांगेतला नव्हे. पात्रे चालू-बोलू लागायच्या आधी तो त्यांच्या मागच्या अर्थाकडे धावतो, आणि अशा लेखकाची कादंबरी वाचकाच्या हातात फार दिवस राहत नाही. पण शोध खरा होता. त्यात दिखाऊपणा नव्हता.

१९३३ साली शेजारच्या जर्मनीत हिटलर आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात तिथल्या विद्यार्थ्यांनी चौकाचौकांत पुस्तकांच्या होळ्या पेटवल्या. ऑस्ट्रिया वेगळा देश होता म्हणून व्हिएन्नाच्या लेखकांनी आणखी पाच वर्षे श्वास घेतला. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरच्या फौजा व्हिएन्नात शिरल्या, आणि एका रात्रीत ऑस्ट्रिया हे नाव नकाशावरून पुसले गेले.

त्याच १९३८ साली आयडलिट्झ हिंदुस्थानात आला. का आला? जीव वाचवायला आला असे म्हटले तर सोपे होईल, पण पुरते खरे होणार नाही. त्याला हिंदुस्थान हवाच होता. पुस्तकांतून वाचलेल्या ऋषींच्या देशात गुरू शोधायला तो निघाला होता. बायको आणि लहान मुलगा मागे राहिले. हिटलरच्या राज्यात सापडलेली ती दोघे पुढे कशीबशी निसटून स्वीडनला पोचली. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण ती मला सोडत नाही.

आता नीट ऐका, कारण कायद्याची गंमत इथे सुरू होते. ऑस्ट्रिया गेला, त्याबरोबर ऑस्ट्रियाचा पासपोर्टही गेला. परदेशी असलेला प्रत्येक ऑस्ट्रियन कागदोपत्री जर्मन ठरला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीशी युद्ध पुकारले, आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी पुढाऱ्यांना एका शब्दाने न विचारता हा देशही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. लगेच धरपकड झाली. जो जो जर्मन तो तो शत्रू. मुंबई, कराची, कलकत्ता, सगळीकडून माणसे उचलली आणि नगरला आणली. त्यांत जर्मन कंपन्यांचे गोरेगोमटे मॅनेजर होते, हिटलरच्या पक्षाचे बिल्लेवाले होते, नंगा पर्वताच्या वाटा शोधून परतणारे गिर्यारोहक होते, मिशनरी होते, आणि हिटलरच्या हातून कसेबसे सुटून आलेले ज्यू डॉक्टर आणि दुकानदारही होते. मारणारा आणि मार चुकवून पळालेला, दोघेही एका तारेच्या आत, एकाच हजेरीपटावर! सरकारला ही चूक कळली नाही असे नाही. चौकशी समिती बसली, बऱ्याच निर्वासितांना सोडले गेले. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, आणि घरभेद्यांच्या धास्तीने सरकारने अनेकांना पुन्हा आत घेतले. १९४१ मध्ये हे कैदी नाशिकजवळ देवळालीला हलवले, आणि तिथून पुढे डेहराडूनला. डेहराडूनची छावणी ज्या जागी होती तिचे नाव प्रेमनगर. असे नाव एखाद्या विनोदी लेखकाने दिले असते तर आपण म्हटले असते, फारच ताणले बुवा!

या साखळीत आयडलिट्झ सापडला, आणि युद्ध संपेपर्यंत त्याची सुटका झाली नाही. जर्मन सरकारच्या लेखी त्याचे रक्त अशुद्ध, इंग्रज सरकारच्या लेखी त्याचा पासपोर्ट अशुद्ध. पुढे तर यावरही कडी झाली. १९४१ च्या नोव्हेंबरात हिटलरच्या सरकारने देशाबाहेर असलेल्या ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले. म्हणजे जर्मनी म्हणते हे आमचे नव्हेत, आणि इंग्रज म्हणतात हे जर्मन आहेत म्हणून कोंडले आहेत. आपल्याकडच्या कचेऱ्यांत खेटे घातलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कागदापुढे माणूस खोटा ठरण्याची ही रीत सगळ्या जगाची आहे.

आणि नशीब कसे असते पाहा. याच सुमारास मुंबईत आणखी एक जर्मन भाषेचा लेखक होता, विली हास. काफ्काच्या वर्तुळातला प्रागचा नावाजलेला टीकाकार. आयडलिट्झचाच समवयस्क, त्याच भाषेचा, त्याच वंशाचा. पण त्याच्या खिशात चेकोस्लोव्हाकियाचा पासपोर्ट. चेक लोक इंग्रजांचे मित्र, म्हणून हास मुंबईत मोकळा हिंडत होता आणि भवनानींच्या चित्रपटांसाठी कथा लिहीत होता. त्याचा मित्र वाल्टर कौफमन हाही त्याच मुलखातला. तो १९३४ सालीच मुंबईला आला होता आणि १९३७ पासून मुंबई नभोवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होता. सकाळी आकाशवाणी लावली की कार्यक्रमांच्या आधी जी चिरपरिचित धून वाजते ती याच कौफमनची मानतात. आपल्या सगळ्यांच्या लहानपणाची ती धून एका निर्वासिताच्या हातची. हे तुम्हांला अशासाठी सांगितले, की हास आणि कौफमन यांची गुणवत्ता अधिक आणि आयडलिट्झची कमी, म्हणून काही एक बाहेर आणि एक आत असे झाले नव्हते. फरक होता तो पासपोर्टाच्या रंगाचा.

आता तुम्ही त्या छावणीची कल्पना करा. आपल्याकडचा एप्रिल-मेचा फुफाटा. पत्र्याच्या किंवा कौलाच्या लांबलचक बराकी, भोवती तारेचे दुहेरी कुंपण, सकाळ-संध्याकाळ हजेरी. खायला मिळत होते, कोणी मारझोड करीत नव्हते. हिटलरच्या छावण्यांशी याची बरोबरी करणे हा अन्याय होईल, तो मी करणार नाही. पण आतले जग चमत्कारिक होते. काही बराकींत हिटलरचा वाढदिवस साजरा होई, आणि शेजारी ज्याचे घरदार हिटलरने धुळीला मिळवले असा माणूस तीच भाषा ऐकत पडून राही. डेहराडूनला शेवटी सरकारने नाझी वेगळे, नाझीविरोधी वेगळे, इटालियन वेगळे, असे वाडे पाडले. त्या छावणीत लामा गोविंद आणि न्यानापोनिक यांसारखे जर्मन बौद्ध साधकही होते. तेव्हा ही छावणी नुसता तुरुंग होती असेही म्हणवत नाही. एका बाजूला घोषणा, एका बाजूला पाली ग्रंथांचे वाचन, आणि एका बाजूला पळून जाण्याचे बेत.

पळून जाणाऱ्यांत हाइनरिश हारर हे नाव तुम्ही ऐकले असेल. हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक कराचीला पकडला गेला आणि नगरला आणला गेला. देवळालीला नेताना त्याने वाटेतच लॉरीतून उडी टाकली आणि पुन्हा सापडला. शेवटी २९ एप्रिल १९४४ रोजी तो डेहराडूनहून निसटला आणि तिबेटात पोचला. त्याचे 'तिबेटातील सात वर्षे' हे पुस्तक १९५२ साली निघाले, लाखांनी खपले, १९९७ साली त्यावर हॉलिवुडचा चित्रपट निघाला. आणि त्याच वर्षी हारर एके काळी हिटलरच्या एस्. एस्. दलाचा सभासद होता हे जगासमोर आले. आयडलिट्झ आणि हारर हे एकाच देशाचे, एकाच साखळीतले कैदी. पण हाररला तारेच्या बाहेर हिमालय दिसत होता. आयडलिट्झने बाहेर जायची धडपड केली नाही. त्याला जे सापडले ते तारेच्या आतच सापडले.

तारेआडच त्याला एर्न्स्ट शुल्झे नावाचा जर्मन भेटला. हिंदुस्थानात त्याला सदानंद म्हणत. कलकत्त्याच्या गौडीय मठाचे संस्थापक भक्तिसिद्धांत सरस्वती यांचा हा शिष्य. मठाचे स्वामी बोन युरोपात प्रचाराला गेले होते, त्यांच्याबरोबर तो १९३५ साली इकडे आला. संस्कृत आणि बंगाली शिकला, मठात राहिला, आणि युद्ध सुरू होताच इतर जर्मनांबरोबर आत गेला. आयडलिट्झ तेव्हा पन्नाशीला टेकलेला, नाव असलेला लेखक. सदानंद त्याच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तरी हा मोठा त्या लहानापुढे विद्यार्थी म्हणून बसला. आपल्याकडे याचे कोणाला नवल वाटू नये. निवृत्तिनाथांनी ज्ञानेश्वरांना उपदेश केला तेव्हा त्या दोघांची वये काय होती? गुरुत्व वयावर मोजायचे नसते. पण युरोपातल्या लेखकाला, ज्याचा सगळा जन्म 'मी काय लिहिले' या अभिमानावर उभा, त्याला हे सोपे गेले नसेल.

आणि तो शिकला काय? आयडलिट्झ इथे आला तो बऱ्याच युरोपीय लोकांसारखा उपनिषदे आणि वेदान्त यांची ओढ घेऊन. सगळे एकच आहे, मी आणि ब्रह्म वेगळे नाही, हे तत्त्वज्ञान त्या काळच्या जर्मन विचारवंतांना फार भावत असे. सदानंदाने त्याला दुसरी वाट दाखवली. भागवताची, भक्तीची, नामाची. देव वेगळा, भक्त वेगळा, आणि त्यांच्यातले प्रेम हेच खरे. तुम्ही-आम्ही म्हणू, यात नवीन काय? आषाढीला दिंडीत चालणारी म्हातारी हे जाणते. ज्या जिल्ह्यात नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, त्या जिल्ह्यातल्या माणसाला भक्ती म्हणजे काय ते व्हिएन्नाच्या कवीकडून शिकायचे नाही. खरे आहे. पण त्या कवीने ती कुठे आणि कशी शिकली ते पाहा. स्वतःच्या भाषेने दगा दिला होता. ज्या भाषेत त्याने कविता लिहिल्या त्याच भाषेत आता त्याच्या लोकांच्या नाशाची फर्माने निघत होती. अशा वेळी लेखकाने काय करावे? स्टेफान झ्वाइगला ते असह्य झाले. युद्ध सुरू होताच इंग्लंडमध्ये त्यालाही 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' ठरवले होते. पुढे १९४२ च्या फेब्रुवारीत ब्राझीलमध्ये त्याने पत्नीसह जीवन संपवले. आयडलिट्झने काटेरी तारेआड बसून संस्कृतची अक्षरे गिरवली.

आता ती मला न सोडणारी गोष्ट. गुरूच्या शोधात माणूस घर सोडतो, त्याचे आपण कौतुक करतो. मागे राहिलेल्यांचे काय? नगरकरांना हा प्रश्न नवा नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईला ख्रिस्ती झाले, नगरला राहिले, आणि लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन काही वर्षे माहेरच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या आणि १९०० साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सत्य शोधायला निघालेल्या पुरुषाच्या घरात चूल कशी पेटते, हे त्यांनी 'स्मृतिचित्रां'त असे काही सांगितले आहे, की वाचताना हसू येते आणि हसता हसता घसा दाटतो. टिळक मोठे, पण टिळकांना पुरते ओळखायचे तर लक्ष्मीबाईंना विचारावे लागते. आयडलिट्झच्या बायकोने व्हिएन्नात काय सोसले, मुलाला घेऊन हिटलरच्या राज्यातून ती कशी बाहेर पडली, परक्या देशात तिने इतकी वर्षे कशी काढली, याची 'स्मृतिचित्रे' आपल्या हाती आलेली नाहीत. नवऱ्याच्या पुस्तकात ती येते, पण नवऱ्याच्या नजरेतून. म्हणून त्याच्या शोधाविषयी मला आदर असला तरी त्याचे पुस्तक वाचताना मी तिच्याकडे पाहत राहतो.

टिळकांचे नाव निघालेच आहे तर आणखी एक सांगतो. चित्पावन ब्राह्मण असलेले टिळक ख्रिस्ती झाले, आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात गायिली. मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांनी साहेबी चालीवरची गाणी सोडून स्वतःची गाणी दिली. आयडलिट्झचा प्रवास उलट दिशेचा, पण अडचण तीच. भक्ती, रस, लीला, नाम, या शब्दांना जर्मनमध्ये जोड कुठून आणायची? तिथल्या पंडितांनी उपनिषदांसाठी शब्द घडवले होते, पण वृंदावनासाठी नव्हते. तिथे त्याचे जुने कवीपण कामाला आले.

१९४६ साली तो सुटला आणि स्वीडनला बायको-मुलाकडे गेला. जवळजवळ आठ वर्षांनी. व्हिएन्नाला घर करायला तो परतला नाही. गौडीय परंपरेत त्याला वामनदास हे नाव मिळाले होते. १९५१ साली जर्मनीत त्याचे 'भक्त' हे पुस्तक निघाले, त्यात हिंदुस्थानातल्या त्या वर्षांची आणि छावणीची हकीकत आहे. पुढल्याच वर्षी लंडनला त्याचे इंग्रजी रूप आले. त्याच १९५२ साली हाररचेही पुस्तक आले हे मघाशी सांगितलेच. एकाच तारेआडून निघालेली ही दोन पुस्तके. एक आगगाडीत वाचायला घ्यावे असे. दुसरे हळू वाचावे लागते, मधे थांबावे लागते, आणि काही ठिकाणी, सांगायला हरकत नाही, शिष्याचा भाव इतका दाटतो की वाचकाला खिडकी उघडावीशी वाटते. पण छावणीची पाने अस्सल आहेत. कैद्यांच्या गर्दीतही एकटा पडलेला माणूस त्यांत दिसतो.

कादंबऱ्या पुन्हा लिहिल्या नाहीत. युद्धापूर्वीचा कादंबरीकार त्या छावणीतच संपला. यात जर्मन वाङ्मयाचे नुकसान झाले का? मला वाटते, नाही. 'राशिचक्रा'सारख्या कादंबऱ्या लिहिणारे व्हिएन्नात आणखीही होते. पण गौडीय वैष्णवांचे ग्रंथ मुळातून वाचून ते चांगल्या जर्मनमध्ये उतरवणारा माणूस शोधूनही सापडला नसता. १९५५ साली भारतीय ईश्वरप्रेमावरचे त्याचे पुस्तक आले, दोन वर्षांनी हिंदूंच्या धर्मग्रंथांवरचे, आणि १९६८ साली स्टॉकहोमच्या विद्यापीठीय मालेत त्याचा मोठा ग्रंथ निघाला, 'कृष्ण-चैतन्य: जीवन आणि शिकवण'. तेव्हा तो पंचाहत्तरी ओलांडलेला होता.

या चैतन्यांचाही आपल्याशी एक धागा आहे. 'चैतन्यचरितामृत' सांगते, की दक्षिणेच्या यात्रेत चैतन्य महाप्रभू पंढरपूरला आले, त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले, आणि तिथेच त्यांना कळले की संन्यास घेऊन घरातून निघून गेलेला आपला थोरला भाऊ याच क्षेत्री देह ठेवून गेला आहे. बंगालमधल्या नवद्वीपला आई शचीदेवी त्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. म्हणजे त्या कथेतही मागे राहिलेले कोणीतरी आहेच. भीमेच्या वाळवंटातला तो प्रसंग ज्या बंगाली पोथीत आहे, तिच्यावरच आयडलिट्झने स्वीडनच्या थंडीत इतकी वर्षे काम केले.

१९७६ साली तो स्वीडनमध्ये वारला. आयुष्याची शेवटची तीस वर्षे तिथे काढली, पण ग्रंथ लिहिले ते जर्मनमध्येच.